आधी काळी, मग पांढरी: डोंगरपायथ्याच्या संरक्षित जमिनीवर वसाहत आखताना

प्रश्न थोडक्यात असा आहे. छत्रपती संभाजीनगरहून दौलताबाद-खुलताबादकडे जाताना डोंगराच्या पायथ्याशी एका भावकीची मिळून ३७ एकर, म्हणजे सुमारे १५ हेक्टर, जमीन आहे. वरची बाजू वनहद्दीला लागून आहे, मधून एक ओढा जातो, काही गट हरित विभागात, म्हणजे विकास आराखड्यात मुख्यतः शेतीसाठी राखलेल्या पट्ट्यात, मोडतात आणि एका टोकापासून संरक्षित स्मारकाची हद्द जवळ आहे. एका विकासकाने ४१० प्लॉटांचा ले-आउट काढून दिला आहे. त्यात ओढा पाइपात घातला आहे आणि ओपन स्पेस म्हणून उतारावरचा एक त्रिकोणी तुकडा दाखवला आहे. कुटुंबातील पुढच्या पिढीला घरे हवी आहेत, काही प्लॉट विकावेही लागणार आहेत, पण डोंगर आणि ओढा मारून ते करायचे नाही. जमिनीला पुढे ठेवून आराखडा करायचा म्हणजे नेमके काय, असे आपण विचारले आहे.

आपल्याकडे गाव वसवताना वापरले जाणारे दोन जुने शब्द इथे कामाला येतात. पिकाची ती काळी आणि वस्तीची ती पांढरी. गावठाण पांढरीवर असे, काळीवर कोणी घर बांधत नसे, आणि ही वाटणी घरे किती बसतील यावरून नव्हे तर जमीन कशी आहे यावरून ठरे. आपल्या ३७ एकरांवर हेच काम नव्याने करायचे आहे. आधी काळी ठरवायची, म्हणजे जिथे काहीही बांधायचे नाही ती जागा. मग उरलेल्यातून पांढरी निवडायची. घरांचा आकडा सर्वांत शेवटी येतो. विकासकाच्या कागदावर तो सर्वांत आधी आला आहे, आणि त्या आराखड्यातील बहुतेक दोष या एका गोष्टीतून निघाले आहेत.

‘संरक्षित’ हा शब्द आपण एकच वापरला आहे, पण आपल्या जमिनीवर किमान चार वेगवेगळी बंधने आहेत आणि ती चार वेगवेगळ्या कायद्यांची आहेत. स्मारकाबाबत प्राचीन स्मारकांच्या १९५८ च्या कायद्यात २०१० साली झालेल्या दुरुस्तीनुसार संरक्षित हद्दीपासून १०० मीटरपर्यंत नवे बांधकाम निषिद्ध आहे आणि त्यापुढील २०० मीटरांत परवानगीशिवाय बांधता येत नाही. हे अंतर डोळ्यांना दिसणाऱ्या भिंतीपासून नव्हे, तर संरक्षित क्षेत्राच्या हद्दीपासून मोजतात. देवगिरी किल्ल्यासारख्या ठिकाणी तटबंद्या दूरवर पसरलेल्या आहेत, त्यामुळे हा फरक फार मोठा पडतो. हद्द पुरातत्त्व विभागाकडून लेखी घ्यावी, गुगलच्या नकाशावर पट्टी ठेवून काढू नये. वनहद्दीबाबत सातबाऱ्यावरील इतर हक्कांचा रकाना आणि जुने फेरफार नीट वाचावेत. सर्वोच्च न्यायालयाच्या डिसेंबर १९९६ च्या आदेशानंतर खासगी मालकीची जमीनही ‘वन’ या व्याख्येत येऊ शकते, आणि तशी नोंद निघाली तर केंद्राच्या परवानगीशिवाय तिथे वनेतर काहीच करता येत नाही. उताराबाबत बांधकामासाठीच्या राज्याच्या एकत्रीकृत नियमावलीचा दंडक आहे: १:५ किंवा त्याहून तीव्र उतारावर कापणी, भरणी वा बांधकाम करता येत नाही. चौथे बंधन हरित विभागाचे. तिथे शेतघराच्या नावाखाली गुंठ्यागुंठ्याने प्लॉट पाडून विकण्याचा सल्ला आपल्याला मिळाला असेल किंवा लवकरच मिळेल. शहराभोवतीच्या गुंठेवारी वसाहतींत रस्ता, गटार आणि पाणी यांसाठी लोकांनी किती वर्षे काढली, हे आपण पाहिले आहे. बॉंडपेपरवर प्लॉट घेणारा माणूस बहुधा आयुष्याची कमाई घालून आलेला असतो. त्याला तिथे आणून बसवणे मला अन्यायाचे वाटते.

या चार रेषा एकाच नकाशावर काढल्या की पहिली काळी दिसू लागते. माझे स्पष्ट मत असे आहे की या रेषांच्या आत काहीही मागू नये. सूट मिळेल का, विभागबदल होईल का, या मागे लागून पाच-सहा वर्षे घालवलेली कुटुंबे मी पाहिली आहेत. तेवढ्या काळात उरलेल्या जमिनीवर चांगली वसाहत उभी राहिली असती.

त्यानंतरचे काम कागदावरचे नाही. पूर्ण एक पावसाळा जमीन पाहावी. मोजणीचा नकाशा गटाच्या हद्दी सांगतो, चढउतार सांगत नाही. म्हणून अर्ध्या मीटरच्या कंटूरचे, म्हणजे समान उंचीच्या रेषांचे, स्वतंत्र सर्वेक्षण करून घ्यावे. त्यात प्रत्येक मोठे झाड, विहीर, बांध, ओघळ, पांदण रस्ता आणि गुरांच्या पायवाटा यायला हव्यात. मग खड्डे घ्यावेत. १५ हेक्टरांवर १२ ते १५ खड्डे, प्रत्येक दोन मीटर खोल, आणि प्रत्येकात स्वतः उतरावे. अशा खड्ड्याची भिंत वाचता येते. वर हातभर काळी माती, उन्हाळ्यात तिच्या भेगांत मनगट जाते. खाली पिवळसर चुनखडीचे खडे मिसळलेला पट्टा, त्याखाली बोटाने उकरता येणारा मुरूम, मग पांढऱ्या ठिपक्यांचा मांजऱ्या खडक आणि शेवटी टिकाव लागताच ठणकणारा काळा पाषाण. वीस पावलांवरच्या दुसऱ्या खड्ड्यात काळी माती वीतभरच असते आणि मुरूम लगेच लागतो. पांढरी कुठे असावी, याचे निम्मे उत्तर या दोन खड्ड्यांच्या फरकात आहे.

काळी माती पाण्याने फुगते आणि उन्हाने आक्रसते. तिच्यावर उथळ पाया घातला की दोन-चार वर्षांत खिडकीच्या कोपऱ्यातून तिरक्या भेगा जातात, हे मराठवाड्यातील कोणत्याही गवंड्याला माहीत आहे. त्यावर उपाय आहेत, अंडर-रीम्ड पाइल, म्हणजे तळाशी फुगवलेले खोल खांब, घेता येतात, माती काढून मुरूम भरता येतो, पण दोन्हींना खर्च येतो. शिवाय ज्या मातीला तयार व्हायला हजारो वर्षे लागली तीच उचलून फेकायची, हे मला पटत नाही. घरे मुरमाच्या उथळ उंचवट्यांवर घ्यावीत आणि काळी माती झाडांना, परसबागांना आणि सामाईक शेताला ठेवावी. जिथे रस्ता जाणार तिथला वरचा थर आधी काढून वेगळा रचावा, ढीग दोन मीटरांहून उंच करू नये, त्यावर ताग पेरावा आणि काम संपल्यावर तीच माती वापरावी. बहुतेक कामांवर ती पहिल्याच आठवड्यात मुरमात मिसळून जाते आणि नंतर बागेसाठी बाहेरून माती विकत आणावी लागते.

आता ओढ्याबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण आपल्या जमिनीत सर्वांत जास्त बोलणारी गोष्ट तीच आहे.

आपल्या वर्णनावरून ओढ्याचे वरचे पाणलोट क्षेत्र ६० हेक्टरांच्या आसपास असावे, असे धरून चालू. तासाला ५० मिलिमीटर पाऊस पडला आणि त्यातील ४० टक्के वाहून आला, तर ओढ्यातून सेकंदाला सुमारे ३.३ घनमीटर पाणी येते. विकासकाने दाखवलेली ९०० मिलिमीटरची पाइप शंभरास एक उतारावर, पूर्ण भरून आणि आत एकही फांदी न अडकता, सेकंदाला जेमतेम १.८ घनमीटर वाहून नेते. उरलेले पाणी आपल्या जुन्या वाटेने, म्हणजे घरांमधून जाईल. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये हा ४० टक्क्यांचा हिशेबही कमी पडतो. जूनमध्ये भेगाळलेली काळी माती पहिले पाऊस गटागटा पिते आणि ओढा कोरडा राहतो. पुढे माती फुगून भेगा मिटल्या की जवळजवळ सगळे पाणी वरून वाहते. म्हणून ज्याने जागा जूनमध्ये पाहिली त्याला ओढा निरुपद्रवी वाटतो.

ही चूक माझ्याही हातून झाली आहे. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत जालन्याच्या बाजूच्या एका वसाहतीत आम्ही ओघळ पाइपात घालून त्यावर बाग केली. सल्लागार कंपनीचे गणित कागदावर बरोबर होते आणि मी त्यावर सही केली. तिसऱ्या वर्षी परतीच्या पावसात वरच्या शेतातील तुराट्या वाहून येऊन पाइपेचे तोंड बंद झाले आणि १४ घरांत गुडघाभर पाणी शिरले. दुसऱ्या दिवशी गेलो तेव्हा एक आजी भिजलेल्या ज्वारीचे पोते ओसरीत उपडे करून दाणे हाताने पसरत होत्या. त्यांनी मला काही विचारले नाही. तेव्हापासून मी कोणत्याही आराखड्यात वाहता ओढा झाकलेला नाही.

ओढा उघडा ठेवावा आणि त्याला त्याची रुंदी द्यावी. नियमातील अंतर हे किमान असते. खऱ्या पुराची रेषा वेगळी काढावी लागते आणि तिच्याही बाहेर दोन्ही काठांना माझ्या मते १५ ते २० मीटरांचा पट्टा हवा. त्या पट्ट्यात करंज, उंबर, जांभूळ आणि काठाची गवते राहतील, पायवाट जाईल, मुले खेळतील आणि मोठ्या पावसाच्या दिवशी पाणी पसरेल. विकासक म्हणेल की एवढी जागा वाया गेली. मात्र ले-आउटमध्ये जी १० टक्के मोकळी जागा सोडावीच लागते, तिचा मोठा भाग नियमांत बसेल तेवढा या पट्ट्यालगत सलगपणे घेता येतो. आज ती उतारावरच्या त्रिकोणात पडली आहे आणि तिथे ना कोणी बसेल, ना झाड जगेल.

पाणी जिरवण्याबाबत एक सावधगिरी सांगतो. बेसॉल्टमध्ये सगळीकडे पाणी मुरत नाही. मांजऱ्या आणि भेगाळ खडक पाणी घेतो, काळा पाषाण घेत नाही. त्यावर केलेला शोषखड्डा डासांची विहीर होतो. म्हणून प्रत्येक जिरवण-जागेची आधी परीक्षा करावी: मीटरभर खड्डा पाण्याने भरावा, एकदा पूर्ण जिरू द्यावा, पुन्हा भरावा आणि मग तासागणिक किती बोटे पाणी उतरते ते काठीवर खुणा करून पाहावे. जिथे उतरते तिथेच खर्च करावा.

याच मुलखात पाण्याच्या वाटेवर शहर उभे राहिले आहे, हेही आठवावे. मलिक अंबरने सतराव्या शतकाच्या सुरुवातीला खडकी, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर, वसवली तेव्हा डोंगरपायथ्याचे झरपलेले पाणी जमिनीखालून नहरीने, केवळ उताराच्या बळावर, शहरात आणले. पुढे पाणचक्कीही तशाच नहरीवर चालली. ज्या पायथ्यांत ते पाणी मुरत होते तिथे आज बांधकामे चढत आहेत. आपली जमीनही तशाच पायथ्यावर आहे. तिच्यात मुरणारे पाणी खालच्या गावाच्या विहिरींचे आहे, हे आराखड्यात गृहीत धरायला हवे.

आता घरांचा आकडा, आणि तो पाण्यावरून काढू. आपल्याकडे सरासरी पाऊस वर्षाला ७०० मिलिमीटरच्या आसपास धरतात. १५ हेक्टरांवर तो पूर्ण पडला तर १०.५ कोटी लिटर पाणी होते. ४१० घरांत प्रत्येकी साडेचार माणसे आणि माणशी दिवसाला १३५ लिटर धरले, तर वर्षाची गरज ९ कोटी लिटरांवर जाते. म्हणजे साऱ्या जमिनीवर पडणारा जवळजवळ प्रत्येक थेंब, एकही वाहून वा उडून न जाता, नळाला यायला हवा. हे अशक्य आहे. टँकरच्या भाषेत बोलायचे तर ही दहा हजार लिटरांच्या २५ टँकरांची रोजची गरज आहे. २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, ते शहर या विभागातील मोठ्या शहरांपैकी एक होते. डोंगरपायथ्याच्या एका वसाहतीसाठी रेल्वे येणार नाही.

२०० घरे धरली तर गरज वर्षाला सुमारे ४.४ कोटी लिटर होते. प्रत्येकी १०० चौरस मीटरच्या गच्चीवरून, वीस टक्के नुकसान वजा जाता, सव्वा कोटीच्या आत पाणी साठवता येते, म्हणजे गरजेचा चौथा हिस्सा. वापरलेल्या पाण्यापैकी साधारण ८० टक्के सांडपाणी म्हणून परत येते. ते शुद्ध करून संडासच्या टाक्यांना आणि झाडांना दिले की ताज्या पाण्याची मागणी आणखी उतरते. उरलेल्यासाठी नळयोजनेची लेखी हमी आणि स्वतःच्या विहिरी लागतील, पण हे गणित दुष्काळी वर्षातही मांडून पाहता येते. खोल काळी माती, चार रेषांच्या आतली जागा आणि ओढ्याचा पट्टा वगळून पांढरीसाठी साधारण निम्मी जमीन उरेल असा माझा अंदाज आहे आणि त्यावर १८० ते २०० घरे नीट बसतात. बांधीव क्षेत्र २०,००० चौरस मीटरांवर जाणार असेल तर २००६ च्या अधिसूचनेनुसार पर्यावरण मंजुरी घ्यावी लागेल. ती चुकवण्यासाठी प्रकल्पाचे दोन तुकडे करू नयेत.

निम्म्या जमिनीवर घरे म्हणजे ती जवळजवळ यायला हवीत, आणि इथे आपल्या कुटुंबात मतभेद होतील. प्रत्येकाला सुटा बंगला आणि चारही बाजूंनी मोकळी जागा हवी असते. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर लातूर-धाराशिवकडील ५२ गावे नव्या जागी वसवली गेली. त्यातली काही मी पुढे अनेकदा पाहिली. हेतू चांगला होता आणि घरे भूकंपाला टिकणारी होती. पण सरळ रुंद रस्ते, चौकटीत ठेवलेली सुटी घरे आणि मधली उघडी मैदाने यांमुळे जुन्या गल्लीची सावली गेली, शेजार लांब गेला आणि मधली जागा कोणाचीच राहिली नाही. लोकांनी पुढे आपापल्या हाताने भिंती घातल्या, ओसऱ्या काढल्या, झाडे लावली. वाडा आणि गल्ली यांना उन्हाचे शहाणपण होते. म्हणून दहा-बारा घरांचा एक पुंजका, मधे सामाईक अंगण आणि त्यात एक कडुनिंब, असे १६-१७ पुंजके कंटूरला धरून बसवावेत. रस्ते उताराला आडवे न्यावेत, म्हणजे पाणी रस्त्याने धावत सुटत नाही. घरांच्या लांब बाजूंची तोंडे उत्तर-दक्षिणेला ठेवावीत आणि पश्चिमेच्या भिंतीत जिना, संडास, कोठीची खोली घ्यावी. स्मारकाच्या बाजूचे पुंजके एकमजली ठेवावेत. परवानगी मिळण्यापेक्षा, वरून पाहणाऱ्याला झाडांची ओळ दिसावी, पाण्याच्या टाक्यांची नव्हे, हे मला जास्त महत्त्वाचे वाटते.

वनहद्दीकडच्या माळाबाबत आपल्या पत्रात ‘पडीक’ असा शब्द आहे, तो बदलावा अशी विनंती आहे. पवन्या, कुसळी आणि मारवेल या गवतांचा माळ हे स्वतंत्र जग आहे. चंडोल आणि धाविक हे पक्षी तिथे जमिनीवर अंडी घालतात, तिथे खोकड फिरते. तिथे हजारो झाडे लावून ‘वन’ केले तर या जिवांची जागा जाते. माळाला माळ राहू द्यावे, कडेला आणि ओघळींत धावडा, सालई, अंजन, पळस आणि सीताफळ यांना जागा द्यावी. वनाच्या बाजूला पक्की भिंत नको, दगडाची बुटकी ताल आणि तिच्या आत काटेरी कुंपण पुरते. दिवे खाली तोंड केलेले आणि मंद असावेत. कचरा उघडा राहिला की कुत्री जमतात आणि कुत्र्यांमागे बिबट्या येतो, म्हणून कचऱ्याची जागा वनहद्दीपासून सर्वांत दूर ठेवावी. धनगरांची जुनी वाट बंद करू नये. ठरलेल्या महिन्यांत त्यांना गवत कापू दिले की उन्हाळ्यात वणव्याची भीतीही कमी होते.

काळी सांभाळायची कोणी, हा प्रश्न आराखड्यातच सुटला पाहिजे. ती कोणाच्याही वैयक्तिक नावावर राहू नये, संस्थेच्या नावावर असावी. तिथे बांधकाम होणार नाही ही अट प्रत्येक खरेदीखतात लिहावी आणि प्रत्येक प्लॉटच्या किमतीतून देखभालीची एक ठेव बाजूला काढावी. कामाचा क्रमही उलटा करावा. ओढ्याचे काठ, बंधारे, जिरवण-जागा आणि झाडे हे पहिल्या वर्षी व्हावे, रस्ते दुसऱ्या वर्षी आणि प्लॉटविक्री त्यानंतर. पहिल्या वर्षी लावलेल्या रोपांना तीन उन्हाळे पाणी मिळाले की पहिले कुटुंब राहायला येईल तेव्हा झाडे कमरेच्या वर गेलेली असतील. आधी विकून मग झाडे लावू म्हणणाऱ्या कामांत ती झाडे बहुधा लागत नाहीत.

आत्ता लगेच करायचे ते एवढेच. विकासकाच्या ले-आउटवर कोणीही सही करू नये. हद्दीच्या चार पत्रांसाठी अर्ज द्यावेत. मृगाच्या आधी खड्डे घ्यावेत. आपल्या भावकीत किंवा शेजारी, त्या शिवारात चाळीसएक वर्षे गुरे राखलेले कोणी असतील, तर पावसाळ्यातील पहिल्या मोठ्या पावसानंतर त्यांना घेऊन ओढ्याने वरून खाली चालावे. पाणी कुठवर चढते, कुठे फुटते, कोणत्या विहिरीला आधी पाझर फुटतो, हे ते जिथे थांबून दाखवतील तिथे खुंटी ठोकून चुन्याची फक्की टाकावी, आणि सर्वेक्षकाला त्या खुंट्या नकाशावर घेण्यास सांगावे. तो नकाशा आणि खड्ड्यांचे फोटो हाती आले की पुढच्या रेषा कुठे काढायच्या ते आपण एकत्र बसून ठरवू.